प्रश्न, उत्तर आणि नोंद : फ्लोरिडातील ‘बंदूकधारक खाजगीपणा कायद्या’ची चिकित्सा

प्रास्ताविक

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याचे तत्कालीन गव्हर्नर रिक स्कॉट यांनी २ जून २०११ रोजी एका विधेयकावर स्वाक्षरी केली. ‘फायरआर्म ओनर्स प्रायव्हसी अ‍ॅक्ट’ असे त्या कायद्याचे नाव. डॉक्टरने रुग्णाला ‘घरात बंदूक आहे का’ असे सरसकट विचारू नये, उत्तर मिळालेच तर ते सरसकट लिहून ठेवू नये आणि रुग्ण बंदूक बाळगतो म्हणून त्याला त्रास देऊ नये, असा त्याचा सारांश सांगता येईल. ग्लॉक या पिस्तुलाच्या नावाशी यमक जुळवून वृत्तपत्रांनी त्याला ‘डॉक्स व्हर्सेस ग्लॉक्स’ म्हटले आणि तेच नाव रूढ झाले. पुढे पावणेसहा वर्षे हा वाद न्यायालयांत चालला. १६ फेब्रुवारी २०१७ रोजी अकराव्या सर्किटच्या फेडरल अपील न्यायालयाच्या पूर्णपीठाने कायद्यातील प्रमुख कलमे घटनाबाह्य ठरवली.

हा वाद सामान्यतः अमेरिकी संविधानाची पहिली दुरुस्ती विरुद्ध दुसरी दुरुस्ती, म्हणजे डॉक्टरचे भाषणस्वातंत्र्य विरुद्ध नागरिकाचा शस्त्र बाळगण्याचा हक्क, असा मांडला जातो. प्रस्तुत लेखात या दोन्ही हक्कांची मोजदाद करावयाची नाही. कायद्याच्या शीर्षकातच जो तिसरा शब्द आहे, ‘प्रायव्हसी’, त्याचे या सर्व प्रकरणात काय झाले, एवढेच पाहावयाचे आहे.

या एका इंग्रजी शब्दासाठी मराठीत आपण दोन शब्द वापरतो. एक खाजगीपणा, दुसरा गोपनीयता. वर्तमानपत्री भाषेत ते एकमेकांच्या जागी येतात, हे खरे. परंतु बोलण्यातील त्यांचा वापर बारकाईने पाहिला तर फरक स्पष्ट होतो. जी गोष्ट दुसऱ्याने विचारूच नये ती खाजगी. जी गोष्ट विश्वासाने एकाला सांगितली आणि त्याने ती आपल्यापाशीच ठेवावयाची, ती गोपनीय. शेजाऱ्याने पगार विचारला तर तो आपल्या खाजगीपणात शिरतो. पगाराचा आकडा आपणच बँकेला दिला आणि बँकेने तो शेजाऱ्याला सांगितला, तर गोपनीयतेचा भंग होतो. पहिल्यात दोष प्रश्नाचा, दुसऱ्यात उत्तर पुढे जाण्याचा.

डॉक्टर आणि रुग्ण यांचा संबंध मूलतः दुसऱ्या प्रकारचा आहे. दवाखान्यात शिरताना मनुष्य आपला बराचसा खाजगीपणा बाहेर ठेवूनच आत जातो आणि त्याच्या मोबदल्यात गोपनीयतेची हमी मागतो. फ्लोरिडाच्या कायद्याने रक्षण करू पाहिले ते पहिल्याचे. न्यायालयाने तो कायदा रद्द करताना रक्षण केले ते डॉक्टरच्या बोलण्याचे. दवाखान्यात जिची खरोखर गरज असते ती गोपनीयता दोघांच्याही हातून निसटली, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. पुढील विवेचन त्याच्या समर्थनार्थ आहे.

ओकालातील प्रसंग

कायद्याचे निमित्त अगदी लहान होते. २०१० साली फ्लोरिडातील ओकाला या गावी एका बालरोगतज्ज्ञाने मुलाला घेऊन आलेल्या आईला घरातील बंदुकीविषयी विचारले. हा प्रश्न आपल्या घरगुती बाबींतील ढवळाढवळ आहे असे वाटून तिने उत्तर नाकारले. डॉक्टरने तिला ३० दिवसांत दुसरा डॉक्टर शोधण्यास सांगितले. आपण हा प्रश्न सर्वच पालकांना विचारतो, घरात पोहण्याचा तलाव आहे का हेही विचारतो आणि मुले मोठी झाल्यावर गाडी चालवताना मोबाईल वापरता का हेही विचारतो, असे डॉक्टरचे म्हणणे होते.

या प्रसंगात दोन स्वतंत्र गोष्टी घडल्या आहेत. एक, प्रश्न विचारला गेला. दोन, उत्तर न दिल्याबद्दल उपचाराचा संबंध तोडला गेला. सामान्य वाचकाला विचारले तर आईवर अन्याय कोठे झाला याचे उत्तर तो दुसऱ्या गोष्टीत शोधील. मूल मांडीवर असलेल्या आईला नकाराची किंमत म्हणून डॉक्टर गमवावा लागला, ही खरी तक्रार होय. एवढ्यापुरता कायदा करावयाचा असता तर तो दोन ओळींत झाला असता : रुग्णाला उत्तर नाकारण्याचा हक्क आहे आणि त्या नकारासाठी डॉक्टरने त्याला उपचार नाकारू नयेत. मोंटाना राज्याने २०१३ साली साधारण याच धर्तीचा मर्यादित कायदा केला. फ्लोरिडाच्या विधिमंडळाला तेवढ्याने समाधान वाटले नाही. विधिमंडळापुढे आणखी काही किस्से आले. एका लोकप्रतिनिधीने सांगितले की, मुलीच्या बालरोगतज्ज्ञाने आपल्याला घरातील बंदूक हलवण्यास सांगितले. एका आईला बाजूला ठेवून तिच्या मुलांना बंदुकीविषयी विचारले गेल्याचीही तक्रार होती. पुढे पूर्णपीठाने हे किस्से मोजले. ते सहा भरले.

सहा किस्से म्हणजे पुरावा नव्हे, हे न्यायालयाचे म्हणणे योग्यच आहे. तथापि ते सहा किस्से खोटे होते असेही कोणी म्हटलेले नाही. मुलाला आईपासून वेगळे करून तिच्याविषयी विचारणे ही कोणत्याही समाजात आईला बोचणारी गोष्ट आहे. या कायद्याची टीका करणाऱ्यांनी ती बोच फार सहज झटकून टाकली, असे वाटते.

कायद्याची भाषा

आता कायद्याचे शब्द पाहू. मूळ विधेयकात डॉक्टरसाठी पाच वर्षांपर्यंतची कैद आणि ५० लाख डॉलरपर्यंतचा दंड होता. डॉक्टरांच्या संघटनांनी विरोध केल्यावर फौजदारी शिक्षा वगळण्यात आली. अंतिम कायद्यात १०,००० डॉलरपर्यंतचा दंड आणि वैद्यकीय परवान्यावर कारवाई, परवाना रद्द होण्यापर्यंत, अशी तरतूद राहिली. शिक्षा सौम्य झाली तशी क्रियापदेही सौम्य झाली. डॉक्टरने रुग्णाच्या खाजगीपणाचा आदर करावा आणि बंदुकीविषयी लेखी वा तोंडी विचारणा करणे ‘टाळावे’, असे विचारणेच्या कलमात म्हटले आहे.

‘टाळावे’ हे क्रियापद उपदेशाचे आहे. वडीलधारी माणसे बोलतात तसे. न्यायालयात राज्याच्या वकिलांनी याच शब्दाचा आधार घेऊन, ही कलमे केवळ शिफारशीच्या स्वरूपाची आहेत, असा युक्तिवाद करून पाहिला. परंतु कायद्याच्या शेवटी या कलमांच्या भंगाबद्दल शिस्तभंगाची कारवाई लिहिलेली होती. वरच्या परिच्छेदात विनंती आणि खालच्या परिच्छेदात दंड, अशा मजकुराला शिफारस म्हणणे न्यायालयाला पटले नाही, यात नवल नाही.

याहून महत्त्वाची अडचण अपवादाची आहे. बंदुकीची माहिती रुग्णाच्या उपचाराशी अथवा सुरक्षिततेशी, किंवा इतरांच्या सुरक्षिततेशी, संबंधित आहे असे डॉक्टरला प्रामाणिकपणे वाटत असेल तर त्याने विचारण्यास हरकत नाही, असे कायदा म्हणतो. वरवर पाहता ही पुरेशी सूट आहे. परंतु प्रतिबंधक वैद्यकशास्त्रातील प्रश्नाचे स्वरूपच असे असते की, तो संबंधित होता की नाही हे उत्तर मिळाल्यावर कळते. निराश दिसणाऱ्या रुग्णाला विचारण्याची मुभा या अपवादाने मिळते. पण जो निराश दिसत नाही, ज्याच्या घरातील कपाटाच्या वरच्या फळीवर भरलेले पिस्तूल आहे आणि ज्याचे चार वर्षांचे मूल आता खुर्चीवर चढू लागले आहे, त्याला विचारण्यास डॉक्टरपाशी आधीपासून कोणते कारण असणार? कायद्याने संशयाला परवानगी दिली आणि सरसकट विचारण्याला बंदी केली. परिणाम उलटा आहे. सर्वांना विचारलेला प्रश्न कोणाचाच अपमान करीत नाही. निवडून एकाला विचारलेला प्रश्न मात्र त्याच्यावर बोट ठेवतो. खाजगीपणाच्या दृष्टीनेसुद्धा कायदा येथे स्वतःच्याच हेतूवर उलटला आहे.

छळाच्या कलमाबद्दल फार लिहिण्याची गरज नाही. तपासणीच्या वेळी बंदुकीवरून रुग्णाला ‘अनावश्यकपणे छळणे’ टाळावे, असे ते कलम. आवश्यक छळ कसा असतो, असा प्रश्न पदवीच्या पहिल्या वर्षाचा विद्यार्थीही विचारील. न्यायालयाने ते कलम संदिग्ध म्हणून बाद केले.

डॉक्टर का विचारतो

अमेरिकेत २०२१ साली बंदुकीमुळे ४८,८३० माणसे मरण पावली. त्यांपैकी २६,३२८ आत्महत्या होत्या, म्हणजे निम्म्याहून अधिक. २०२० पासून १ ते १९ वर्षे वयोगटात मृत्यूच्या कारणांत बंदूक मोटार अपघातांना मागे टाकून पहिल्या क्रमांकावर आली. अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची अकादमी पालकांशी बंदूक कुलपात ठेवण्याविषयी बोलण्याची शिफारस आपल्या सदस्यांना अनेक वर्षांपासून करीत आली आहे, ती यामुळे. आत्महत्येचा विचार पुष्कळदा थोड्या काळाचा असतो आणि त्या थोड्या काळात हाताशी कोणते साधन आहे यावर माणूस वाचणे न वाचणे ठरते. बंदुकीने केलेल्या दहा प्रयत्नांपैकी आठ-नऊ प्राणघातक ठरतात.

हे शास्त्र आपल्या वाचकाला परके वाटण्याचे कारण नाही. आपल्याकडे बंदुकीच्या जागी फवारणीचे औषध आहे. विदर्भ-मराठवाड्यात ‘औषध घेतले’ या दोन शब्दांचा अर्थ कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. श्रीलंकेने १९९० च्या दशकात अतिविषारी कीटकनाशकांवर टप्प्याटप्प्याने बंदी घातली आणि १९९५ ते २००५ या दहा वर्षांत तेथील आत्महत्यांचे प्रमाण जवळजवळ निम्म्यावर आले. प्राथमिक आरोग्य केंद्रातील डॉक्टरने शेतकऱ्याच्या पत्नीला, ‘फवारणीचे औषध घरात ठेवता की गोठ्यात, आणि कुलूप असते का’, असे विचारले तर तो तिच्या खाजगीपणावर घाला आहे असे आपण म्हणणार नाही. प्रश्न तोच आहे. बदलले आहे ते साधन, आणि त्या साधनाभोवतीचा इतिहास.

यादीची धास्ती

हा इतिहास समजून घेतल्याशिवाय कायद्याच्या समर्थकांना न्याय देता येत नाही. आपल्याकडे १९५९ च्या शस्त्र कायद्यानुसार बंदूक बाळगावयाची तर परवाना घ्यावा लागतो. त्यामुळे कोणाकडे कायदेशीर बंदूक आहे हे शासनाला आधीच ठाऊक असते आणि डॉक्टरने विचारले काय अन् न विचारले काय, शासनाच्या माहितीत भर पडत नाही. फ्लोरिडात स्थिती वेगळी आहे. तेथे घरात बंदूक ठेवण्यासाठी परवाना लागत नाही, तिची नोंदणी होत नाही. एवढेच नव्हे, अशी नोंदणी होऊच नये यासाठी कायदे आहेत. १९८६ च्या फेडरल कायद्याने बंदूकमालकांची राष्ट्रीय सूची करण्यास मनाई केली. फ्लोरिडाने २००४ साली स्वतःचा कायदा करून राज्यात बंदूकमालकांची यादी ठेवणे हाच गुन्हा ठरवला. बराक ओबामा यांच्या २०१० च्या आरोग्यविमा कायद्यातही, त्या कायद्याखाली बंदुकीच्या मालकीची माहिती गोळा करता येणार नाही, असे स्वतंत्र कलम घालावे लागले. पुढे जानेवारी २०१३ मध्ये, या कलमामुळे डॉक्टरला प्रश्न विचारण्यास मनाई होत नाही, असा खुलासा करण्याची घोषणा ओबामा प्रशासनाने केली.

यादीची धास्ती ज्या समाजात इतकी खोल आहे तेथे दवाखान्यातील संगणक ही नवी वही ठरते. वैद्यकीय नोंदी कागदावरून संगणकावर आणण्यास अमेरिकी शासनाने २००९ पासून मोठे आर्थिक प्रोत्साहन दिले. लाखो घरांतील मुलांच्या तपासणीच्या फॉर्मवर ‘बंदूक : होय / नाही’ असा रकाना असेल, तर शासनाने न केलेली यादी दवाखान्यांनी केलेली असेल. नॅशनल रायफल असोसिएशनने या विधेयकाचा जो पुरस्कार केला त्यात राजकारण होतेच. परंतु धास्तीचा उगम केवळ प्रचारात नाही.

दोन घटना येथे नमूद केल्या पाहिजेत. न्यूयॉर्क राज्याने जानेवारी २०१३ मध्ये केलेल्या कायद्यानुसार, रुग्ण स्वतःला वा इतरांना इजा करण्याचा संभव आहे असे मानसोपचारकाला वाटल्यास त्याने ते शासकीय अधिकाऱ्यास कळवावे लागते, आणि ती माहिती बंदुकीचा परवाना निलंबित वा रद्द करण्यासाठी वापरली जाते. या कायद्याचे समर्थन करता येईल. परंतु दवाखान्यात बोललेले वाक्य बंदुकीच्या कचेरीपर्यंत जाऊ शकते, हे तो दाखवतो. दुसरी घटना हवाई बेटांवरील. तेथे बंदुकांची नोंदणी सक्तीची आहे आणि वैद्यकीय कारणासाठी गांजा वापरणाऱ्यांचीही शासकीय नोंद होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये होनोलुलूच्या पोलीस खात्याने अशा काही रुग्णांना, ३० दिवसांत आपल्या बंदुका जमा कराव्यात, अशी पत्रे पाठवल्याचे उघडकीस आले. ओरड झाल्यावर ती मोहीम थांबवण्यात आली. एका खिडकीवर उपचारासाठी दिलेली माहिती दुसऱ्या खिडकीवर आली होती. या रुग्णांच्या घरी कोणी आगाऊ डॉक्टर प्रश्न विचारण्यास गेला नव्हता. दोन याद्या एकमेकींशेजारी ठेवल्या गेल्या, इतकेच.

म्हणजे भीती खरी होती. तिचा पत्ता मात्र चुकला होता. भीती होती शासनाची, आणि कायदा झाला डॉक्टरविरुद्ध. फ्लोरिडाच्या संविधानात १९८० पासून खाजगीपणाचा स्वतंत्र हक्क आहे, पण तोसुद्धा शासकीय हस्तक्षेपाविरुद्धचा आहे. दुसरी घटनादुरुस्तीही शासनालाच बांधते. खाजगी डॉक्टर रुग्णाची बंदूक काढून घेऊ शकत नाही. त्याच्या हाती फार तर सल्ला असतो. पूर्णपीठाच्या निकालपत्रात हा मुद्दा स्पष्टपणे आला आहे.

निकालपत्राचे वाचन

कायदा झाल्यावर चार दिवसांत काही डॉक्टर आणि त्यांच्या राज्यपातळीवरील संघटना न्यायालयात गेल्या. ‘वोल्शलेगर विरुद्ध गव्हर्नर, फ्लोरिडा’ या नावाने हा खटला ओळखला जातो. जिल्हा न्यायाधीश मार्शा कुक यांनी सप्टेंबर २०११ मध्ये अंतरिम आणि जून २०१२ मध्ये कायम मनाई दिली. अपिलात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने दोन विरुद्ध एक मताने राज्याच्या बाजूने निकाल दिला. तोही एकदा नव्हे, तीनदा : जुलै २०१४, जुलै २०१५ आणि डिसेंबर २०१५. तिन्ही वेळा निष्कर्ष एकच, कारणे वेगवेगळी. पहिल्या निकालात डॉक्टरचे बोलणे हे व्यावसायिक वर्तन मानले गेले, दुसऱ्यात ते भाषण मानून मध्यम कसोटी लावली गेली, तिसऱ्यात कठोरात कठोर कसोटी लावूनही कायदा टिकतो असे सांगितले गेले. कसोटी दर वेळी कडक होत गेली आणि कायदा दर वेळी उत्तीर्ण होत गेला, हे पाहून समीक्षक असलेल्या वाचकाला गंमत वाटल्याशिवाय राहणार नाही. हे तिन्ही निकाल लिहिणारे न्या. जेराल्ड टोफ्लॅट हेच पुढे पूर्णपीठाच्या दहा विरुद्ध एक निकालातील एकटे मतभेदक ठरले.

तरीही प्रस्तुत लेखकाला असे वाटते की, रुग्णाची बाजू त्यांच्याच लेखनात सर्वाधिक दिसते. तपासणीच्या खोलीत रुग्ण आणि डॉक्टर समान पातळीवर नसतात. एकाने कपडे उतरवलेले असतात, दुसऱ्याच्या अंगावर कोट असतो. अशा स्थितीत ‘उत्तर न देण्याचा हक्क’ कागदावर जितका सोपा दिसतो तितका तोंडाने बजावणे सोपे नाही, आणि बंदुकीच्या प्रश्नावर गप्प राहणे हेही एक प्रकारे उत्तरच असते. त्यांनी काढलेला मार्ग चुकीचा होता. पण पाहिलेली अडचण खरी होती.

बहुमताचे निकालपत्र न्या. अ‍ॅडलबर्टो जॉर्डन आणि न्या. स्टॅन्ले मार्कस या दोघांनी लिहिले. विचारणा, नोंद आणि छळ ही तीन कलमे त्यांनी बाद केली. भेदभावाचे कलम मात्र राखले. परंतु ते बोलण्याला लागू न होता वर्तनाला लागू होते, म्हणजे बंदूकधारक रुग्णाकडून त्याच सेवेचे जास्त पैसे घेणे किंवा त्याला भेटीची वेळ न देणे अशा गोष्टींना लागू होते, असा त्याचा अर्थ लावला. ओकालातील आईच्या तक्रारीचा जो न्याय्य भाग होता तो या अर्थाच्या जवळ जातो.

न्या. विल्यम प्रायर यांनी स्वतंत्र सहमती लिहिली. त्यांचे प्रतिपादन असे की, आज एका विषयावर डॉक्टरचे तोंड बंद करण्याची परवानगी दिली तर उद्या दुसरे विधिमंडळ दुसऱ्या विषयावर ते बंद करील. हे प्रतिपादन भक्कम आहे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली गर्भधारणा-समुपदेशन केंद्रांविषयीच्या एका निकालात, व्यावसायिकाचे भाषण हा कमी संरक्षणाचा वेगळा वर्ग नाही, असे सांगताना फ्लोरिडाच्या या निकालाचा उल्लेख केला. त्या अर्थाने निकालाचे स्थान पक्के आहे.

उत्तर कोठे जाते

आक्षेप आहे तो नोंदीच्या कलमाबाबत. बहुमताने विचारणा आणि नोंद यांना एकाच मापाने मोजले : बोलणे हे भाषण, लिहिणे हेही भाषण, म्हणून दोन्हींवरील निर्बंध पहिल्या दुरुस्तीच्या विरुद्ध. निबंध लिहिणारा आणि केसपेपर लिहिणारा यांना येथे एकाच पंगतीत बसवले गेले आहे. वस्तुतः नोंद ही बोलण्यासारखी विरून जात नाही. ती राहते, तिची प्रत निघते, ती एका संगणकावरून दुसऱ्यावर जाते आणि तिचा वाचक लिहिणाऱ्याला माहीत नसतो. डॉक्टरने रुग्णाला ‘बंदूक कुलपात ठेवा’ म्हणणे आणि त्याच्या नावापुढे ‘बंदूक आहे’ असे कायमचे लिहून ठेवणे, या दोन कृतींनी रुग्णाला होणारा लाभ आणि त्याला असणारा धोका सारखा नाही. सल्ल्याचा लाभ जवळजवळ पूर्णपणे बोलण्यात आहे. धोका जवळजवळ पूर्णपणे नोंदीत आहे. हा भेद ज्याला दिसला असता त्याने विचारणेचे कलम बाद करून नोंदीच्या कलमाकडे निराळ्या नजरेने पाहिले असते.

न्यायालयाची नजर तेथे का गेली नाही याचे कारण त्याने आधाराला घेतलेल्या पूर्वनिर्णयात सापडते. न्या. जॉर्डन यांनी कसोटी ठरवताना सर्वोच्च न्यायालयाच्या जून २०११ च्या ‘सोरेल विरुद्ध आयएमएस हेल्थ’ या निकालाचा आधार घेतला. कोणता डॉक्टर कोणते औषध लिहून देतो याची औषध दुकानांतून मिळणारी माहिती औषध कंपन्यांच्या प्रचारासाठी विकण्या-वापरण्यावर व्हर्मांट राज्याने निर्बंध घातले होते. ते निर्बंध सर्वोच्च न्यायालयाने सहा विरुद्ध तीन मतांनी भाषणस्वातंत्र्याच्या आधारे रद्द केले. त्या प्रकरणात रुग्णांची नावे काढून टाकलेली होती, हे खरे. पण माहितीची देवाणघेवाण हे भाषण आहे, या सूत्रावर जो निकाल उभा आहे त्याच्या आधाराने नोंदीचा विचार सुरू केला की, नोंदीपासून संरक्षण मागणाऱ्याला आरंभीच उलट बाजूस उभे राहावे लागते. ज्या सूत्राने औषध कंपनीची खरेदी वाचली त्याच सूत्राने बालरोगतज्ज्ञाचा सल्ला वाचला. दुसरे स्वागतार्ह आहे म्हणून पहिले विसरावे, असे नाही.

यावर न्यायालयाचे उत्तर असे की, वैद्यकीय नोंदींच्या गोपनीयतेसाठी राज्याचे आणि फेडरल कायदे आहेतच. १९९६ च्या ‘हिपा’ कायद्याखालील गोपनीयतेचे नियम २००३ पासून अमलात आहेत आणि त्यांचे महत्त्व कोणी नाकारणार नाही. परंतु त्या नियमांतच न्यायालयीन आदेश, तपास यंत्रणांची विशिष्ट मागणी, गंभीर धोका टाळणे, विम्याचा व्यवहार अशी अनेक दारे रुग्णाच्या संमतीशिवाय उघडणारी आहेत. त्यांतील बहुतेक दारे समर्थनीय आहेत. तरी रुग्णाला प्रश्न विचारताना ती सांगितली जात नाहीत. ‘तुम्ही जे सांगाल ते मी लिहून ठेवणार आहे’ किंवा ‘मी हे लिहिणार नाही, फक्त सल्ला देणार आहे’, यांपैकी एक वाक्य ओकालातील डॉक्टरने आधी उच्चारले असते तर काय झाले असते, याचा विचार करण्याजोगा आहे. (आपल्याकडील बाह्यरुग्ण विभागात केसपेपर रुग्णाच्याच हातात असतो आणि दारूचा प्रश्न रांगेतील दहा जणांच्या देखत विचारला जातो. तेव्हा या बाबतीत अमेरिकेकडे बोट दाखवण्यात अर्थ नाही.)

निकालानंतर राज्याने सर्वोच्च न्यायालयात जाण्याचे टाळले. १४ फेब्रुवारी २०१८ रोजी, म्हणजे निकालाला वर्ष होत असताना, फ्लोरिडातीलच पार्कलंड येथील शाळेत १७ जणांची हत्या झाली. त्यानंतर ९ मार्च २०१८ रोजी त्याच रिक स्कॉट यांनी, धोकादायक वाटणाऱ्या व्यक्तीकडील बंदुका पोलिसांच्या अर्जावरून तात्पुरत्या काढून घेण्याचा अधिकार न्यायालयाला देणाऱ्या कायद्यावर स्वाक्षरी केली. २०११ मध्ये ज्या राज्यात डॉक्टरने विचारणे हे संकट मानले गेले, त्या राज्यात सात वर्षांनी बंदूक कोणाकडे आहे हे पोलिसांना कळणे आवश्यक मानले गेले. दोन्ही कायद्यांत मिळून एक गोष्ट समान राहिली : दवाखान्यात दिलेले उत्तर दवाखान्यातच राहील, अशी हमी बंदूकधारक रुग्णाला कोणीही दिली नाही.

२०११ च्या कायद्यात एक छोटे कलम मात्र वेगळ्या जातीचे आहे. रुग्ण कायदेशीररीत्या बंदूक वा दारूगोळा बाळगतो या कारणावरून विमा कंपनीने त्याला विमा नाकारू नये, त्याचा हप्ता वाढवू नये, त्याच्याशी भेदभाव करू नये, असे ते म्हणते. ते डॉक्टरला विचारण्यापासून रोखत नाही, लिहिण्यापासून रोखत नाही. उत्तर ज्याच्या हाती पडण्याची शक्यता आहे त्याचा हात धरते. पूर्णपीठापुढील वाद ज्या चार कलमांचा होता त्यांत हे कलम नव्हते. पोलीस, नोकरी देणारा मालक किंवा मुलाच्या ताब्याच्या खटल्यातील विरुद्ध पक्षाचा वकील यांच्याविषयी असे एकही वाक्य या कायद्यात नाही.